दोनदा शिंपडलेली पाटी

"आडनावावरून काय कलत नाय. पन इंग्लिश मीडियमची हाय. आपल्यातलीच असंल."

स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. तो मध्येच थांबला आणि हे वाक्य हॉलपर्यंत आलं. बोलणाऱ्या काकी होत्या, दादांच्या पत्नी. आत कोणाला सांगत होत्या ते मला दिसलं नाही. मी सोफ्याच्या कडेवर बसले होते. टीपॉयवर मोबाईल ठेवला होता आणि रेकॉर्डिंग चालू होतं.

मग काकी चहा घेऊन बाहेर आल्या. "घे गं बाय. साखर कमीच टाकलेय. तुमी हल्लीच्या पोरी साखर नाय खात ना."

मी कप घेतला. हसले. थँक यू म्हटलं. मला सवय आहे.

आम्ही बौद्ध. पप्पा मराठवाड्यातून आलेले. माझं आडनाव मात्र गावाच्या नावावरून, शेवटी 'कर' असलेलं. मला शाळेत घालताना पप्पांनी ते लावलं. जुनं आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. मी बघू नये असं त्यांना वाटलं. म्हणून नवीन आडनाव आणि म्हणूनच इंग्लिश मीडियम. नवीन पनवेलच्या शाळेत मी दोन गोष्टी शिकले. कमी बोललं की लोक कमी विचारतात. इंग्रजीत बोललं की त्याहून कमी विचारतात. इंग्रजीत जात विचारायला लोकांना लाज वाटते. मराठीत ते फार सोपं आहे. 'मूळ गाव कुठलं?' एवढं पुरतं.

तर मी कमी बोलते. लोकांना वाटतं, शांत मुलगी आहे, संस्कारी आहे. मी शांत नाही. मी पहारा देत असते.

दादांच्या घरी मी कामाला गेले होते. कामाला म्हणजे मुलाखत घ्यायला. खारघरच्या कॉलेजात मला इतिहास शिकवणारे सर आता निवृत्त झालेत. एका पक्षाने त्यांना आपला स्थानिक इतिहास लिहायला सांगितला होता. इथे पक्ष कसा आला, पहिली शाखा कुठे निघाली, कोणी लाठ्या खाल्ल्या, कोण तुरुंगात गेलं. वर्धापनदिनाला पुस्तक निघणार होतं, मोठे पाहुणे येणार होते. पक्षाचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्हाला हवं ते नाव घाला, गोष्ट बदलणार नाही.

सरांनी मला मदतीला घेतलं. जुन्या लोकांना भेटायचं, बोलणं रेकॉर्ड करायचं, फोटो जमवायचे, प्रकरणांचे कच्चे मसुदे लिहायचे. आतल्या पानावर 'संशोधन साहाय्य' असं लिहून माझं नाव येणार होतं. मला फार आनंद झाला होता. माझं काहीतरी पहिल्यांदाच छापून येणार होतं. घरी मी मम्मीला ते पान कसं दिसेल ते हाताने दाखवलं होतं.

दादा म्हणजे त्या भागातले पहिले शाखाप्रमुख. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या जुन्या गावातले. आता त्यांचं चार मजली घर आहे, खालच्या मजल्यांवर भाडेकरू आहेत. पण आधी तिथे त्यांची भातशेती होती. शहर वसवायला सरकारने जमिनी घेतल्या, तेव्हा तीही गेली. ते सगळं दादा सांगत होते.

"माजा बापूस जमिनीच्या पैशासाटी त्या हापिसात गेलता. सकालपासून उबा. खुर्च्या रिकाम्या व्हत्या, पन बस कोन बोलला नाय. सायबानं मान वर करून पन बगितलं नाय. दुपार झाली तरी उबाच. घरी आला नि मना बोल्ला, आपली मानसात गिनती नाय रे पोरा."

हे सांगताना दादा रडले. खरोखर रडले. गमछ्याने डोळे पुसले. मला दादा आवडले होते, हेही इथे लिहायला हवं. त्यांच्या वडिलांना त्या ऑफिसात उभं ठेवलं होतं आणि दादांना ते इतक्या वर्षांनीही दुखत होतं. मला वाटलं, हा माणूस कळणारा आहे.

मग ते उठले. "ये, तुला पाटी दाखवतो."

हॉलच्या मोठ्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक पत्र्याची पाटी लावली होती. वर छोटा दिवा. लाल रंगावर पांढरी अक्षरं: अगदी वर बारीक उद्घाटकाचं नाव, मग पक्षाचं नाव, खाली 'शाखा', खाली गावाचं नाव. पहिल्या शाखेची पहिली पाटी.

"पुस्तकाच्या कव्हरवर हीच घ्यायची. सरांना बोल्लोय मी."

मी फोटो काढायला जवळ गेले. फोनच्या स्क्रीनवर अक्षरं मोठी केली आणि तशीच थांबले.

अक्षरांवरच्या रेघेचं डावं टोक किंचित वर उचललेलं होतं. प्रत्येक शब्दावर. ती रेघ मी लहानपणापासून बघत आले आहे. माझ्या कंपासपेटीवर होती. पाण्याच्या बाटलीवर होती. खांदेश्वरला आमच्या दारावरच्या पाटीवर अजून आहे. पप्पा डावखुरे आहेत. ते शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढतात आणि शेवटी ब्रश उचलताना हात थोडा वर जातो.

पप्पा साइन पेंटर होते हे मला माहीत होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार. फ्लेक्स आल्यावर ते काम संपलं आणि ते एका कंपनीत हेल्पर म्हणून लागले. या पक्षाचं त्यांनी कधी नावही काढलं नव्हतं. टीव्हीवर त्या पक्षाचा नेता दिसला की ते चॅनल बदलायचे. मला वाटायचं, राजकारण आवडत नसेल.

मी विचारलं, "ही पाटी कोणी रंगवली, दादा?"

दादांना हसूच आलं. "ती पन येक गंमतच झालेली. ऐक. मध्या पेंटर म्हनून येक व्हता. मधुकर. तलवलीच्या पुरं वस्ती व्हती ना त्यांची, तितला. डावऱ्या हाताचा, पन अक्षर येकदम मोत्यावानी. पक्षाच्या सगल्या भिंती त्यानंच रंगवल्या. तर शाखेचं उद्घाटन व्हतं, सकाली पूजा. त्यानं पाटी रंगवून आनून ठेवली वट्यावर. आमची आय बोलली, अरे, पूजा मांडलेय नि ही त्याच्या हातची पाटी देवासमोर ठेवतोस? मंग काय! आयनं गोमूत्र घेतलं नि दिलं शिंपरून."

दादा मांडीवर थाप मारून हसले.

"नि मजा कुठं हाय म्हायतेय? रंग वला व्हता! जितं थेंब परला तितं चट्टा. सगली पाटी देवी आल्यावानी! मंग धावलो वस्तीत, परत मध्यालाच आनला. बोल्लो, डाग भर बाबा, पाहुने येतील. तो बिचारा बसला वट्याखाली, भरले डाग."

"मग?" मी विचारलं. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"मंग काय! या टायमाला आमी शाने झालो. पंखा लावला, पाटी चांगली सुकू दिली. नि मंग शिंपरलं."

काकी दारात उभ्या होत्या. त्याही हसल्या. "सासूबाई लय कडक व्हत्या."

टीपॉयवर मोबाईल चालूच होता. मी चहा संपवला. कप कुठे ठेवू असं विचारलं. खाली उतरले, रिक्षा केली, स्टेशनला आले. घणसोलीहून खांदेश्वरला येताना मध्ये गाडी बदलली. ती कशी बदलली ते आठवत नाही.

*

घरी पप्पा बातम्या बघत होते. मम्मी भाजी निवडत होती. मी चप्पलही काढली नव्हती. दारातूनच विचारलं, "पप्पा, तुम्ही पक्षाच्या शाखेची पाटी रंगवली होती?"

पप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. बंद नाही केला.

"कोण म्हणलं?"

मी दादांचं नाव सांगितलं. पुस्तकाचं त्यांना माहीत होतं, पण ते कोणत्या पक्षाचं आहे हे मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

"कशाला विचारायलीस?"

"ते म्हणाले, पाटीवर गोमूत्र शिंपडलं."

मम्मीचा हात थांबला. तिला माहीत होतं. म्हणजे या घरात ही गोष्ट होती, फक्त माझ्यापासून लांब ठेवलेली होती. माझ्या आडनावासारखीच झाकून.

"त्यांना टेन्शन नको देऊस गं आता," मम्मी म्हणाली. "बीपीची गोळी चालू आहे."

पप्पा मात्र बोलले. टीव्हीकडे बघतच बोलले.

"मी पण मेंबर होतो त्या पक्षाचा. रात्रीचं जाऊन भिंती धरायचो, दुसऱ्या पक्षाच्या आधी. चुना मारायचा, वाळला की लिहायचं. लाठीचार्ज झाला तेव्हा मीबी होतो. पाठीवर वळ होते, तुझ्या मम्मीनं तेल लावलं. तेव्हा कोणी विचारलं नाही कोणत्या वस्तीतला म्हणून. पोलिसांनी तर नाहीच विचारलं." थोडं हसले. "मला वाटलं, आता आपण सगळे एक झालो."

"आणि पाटी?"

"पाटी चांगली झाली होती."

टीव्हीवर कोणीतरी कोणावर तरी ओरडत होतं.

"डाग भरायला बोलावलं तेव्हा मला कळलं नाही, डाग कशानं पडले. मला वाटलं, पोरांनी पाणी उडवलं. मी बसलो, भरले. वास आला तेव्हा कळलं. तोवर अर्धे भरून झाले होते." मग म्हणाले, "अर्धं काम टाकून उठायची सवय नव्हती."

मम्मी उठून आत गेली.

"मी एकच गोष्ट मागितली. पेंटर लोक पाटीच्या खाली, कोपऱ्यात नाव टाकतात. बारीक. 'मधु आर्ट्स' असं टाकायचो मी सगळीकडे. किराणा दुकानाच्या पाटीवर टाकायचो, कोणी काही म्हणत नव्हतं. तिथं टाकायला ब्रश लावला तर म्हणले, इथं नको. पक्षाची पाटी हाय, इथं कोणाचं नाव नसतं. मी म्हणलं, बरं. पण वर उद्घाटकाचं नाव होतं की. मीच लिहिलेलं."

एवढंच. त्या दिवसानंतर ते शाखेत गेले नाहीत. कोणी बोलवायलाही आलं नाही. भिंती रंगवायला दुसरा कोणी मिळाला.

मी झोपायला जात होते तेव्हा त्यांनी हाक मारली.

"ती पाटी अजून आहे?"

"आहे. काचेत ठेवलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी विचारलं, कुठे जाताय? म्हणाले, "बघून यावं म्हणतो. कुठंशी लावलीय? ऑफिसात आहे का?"

"नाही पप्पा. दादांच्या हॉलमध्ये."

"घरात?"

"हो."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. "मग राहू दे. त्यांच्या घरात मी कधी गेलेलो नाही. ओट्याखालीच उभा राहायचो."

मी तिथे सोफ्यावर बसून चहा पिऊन आले होते.

*

मी प्रकरण लिहिलं. सगळं लिहिलं. दादांच्या वडिलांचं ऑफिसात उभं राहणं लिहिलं आणि त्यानंतर पाटी लिहिली. दादांच्या शब्दांत, जशीच्या तशी. माझ्याकडून एक शब्द घातला नाही. त्यात मधुकर पेंटर म्हणजे माझे वडील, हे मी सरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते लिखाण राहिलं नसतं, मुलीची तक्रार झाली असती. आणि दुसरं कारण असं की मी घाबरले होते. सरांनी मला वर्गात पहिल्या बाकावर बसवलं होतं, माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं होतं. ते मला काय समजतात, हे मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं.

सरांच्या फ्लॅटमधून खारघरचा डोंगर दिसतो. त्यांच्या भिंतीवर समतेवरची पोस्टर्स आहेत, कपाटात सगळी चळवळीची पुस्तकं. त्यांनी कागद वाचले, पेन्सिल काढली आणि पाटीच्या मजकुराभोवती हळूच एक चौकट केली.

"लिहितेस छान. पण हे नाही घेता येणार."

"हे रेकॉर्डिंगमध्ये आहे, सर. दादांनी स्वतः सांगितलंय."

"अगं, ते गप्पांच्या ओघात बोलले. विनोदाने. आपण चळवळीचा इतिहास लिहितोय, कोणाच्या आईचं सोवळं नाही. आणि त्या काळी हे सगळं नॉर्मल होतं."

मग नॉर्मल होतं असंच लिहू का? हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं नाही.

"मग फक्त एक ओळ ठेवूया, सर. 'ही पाटी मधुकर पेंटर यांनी रंगवली.' बाकीचं काढते मी."

हे मी म्हटलं. मी स्वतः गोमूत्र काढून टाकायला तयार झाले. मला वाटलं, एक ओळ तरी मिळेल. कोपऱ्यात, बारीक.

सर हसले. "बघू. दादांना विचारावं लागेल. पण तू इतकी का अडून बसलीयस? त्या पेंटरला आता काय फरक पडणार आहे? तो असेल की नसेल, कोणाला ठाऊक."

मी म्हटलं, "हो सर."

बाहेर आले. लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले. मध्येच एका मजल्यावर बसले. सोसायटीचा वॉचमन वर आला, "मॅडम, बरं वाटत नाय का?" मी इंग्रजीत सांगितलं, आय अॅम फाइन. का इंग्रजीत सांगितलं कोण जाणे. तो बिचारा निघून गेला.

*

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी आशा लावून वाचणार नाही.

पुस्तक निघालं. कव्हरवर पाटी आहे. मधुकर पेंटर कुठेही नाही. मोठे पाहुणे आले, पाटीच्या मोठ्या फ्लेक्सखाली उभे राहिले, टाळ्या झाल्या. सरांचा मला फोन येत नाही. मी ते प्रकरण आणखी दोन संपादकांना पाठवलं. एकाने उत्तर दिलं नाही. दुसरा म्हणाला, मॅटर स्ट्राँग आहे, पण लोकल पार्टी आहे, आमचं ऑफिस इथेच आहे, समजून घ्या. मी समजून घेतलं. आता मी एका कंपनीसाठी घरगुती उपकरणांची माहिती लिहिते. मिक्सर कसा धुवावा वगैरे.

पप्पांच्या फोनवर कोणाच्या तरी ग्रुपमधून कव्हरचा फोटो आला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला. अक्षरांवरून फिरवत फिरवत खालच्या कोपऱ्यापर्यंत नेला. तिथे लाल रंग होता, बाकी काही नव्हतं. म्हणाले, "रंग टिकलाय चांगला." फोन उलटा ठेवला आणि गोळी घेतली.

मी काय केलं ते कळलं तेव्हा ते माझ्यावर रागावले नाहीत. खूशही झाले नाहीत. फक्त म्हणाले, "तुला इतकं शिकवलं ते यासाठी नव्हतं." ते कशासाठी होतं, हे मी विचारलं नाही. मला माहीत आहे. मी त्या सोफ्यावर बसून राहावं, कोणाला काही कळू नये, यासाठी होतं. प्रेमानेच केलेलं होतं. मी ते मोडलं.

कसं मोडलं, तेवढं सांगते.

पुस्तक छापायला जाण्याआधी पक्षाच्या कार्यालयात वाचनाची बैठक होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये दादा, त्यांच्या शेजारी सर. सात-आठ पदाधिकारी. सोशल मीडिया बघणारा एक जण फोनवर व्हिडिओ काढत होता. मी भिंतीजवळ बसले होते. वाचायचे कागद मीच प्रिंट काढून आणले होते, पण नंतर त्यांवर सरांनी पेन्सिलीने शेवटचा हात फिरवला होता.

सर चांगले वाचतात. जमिनीचा भाग वाचताना दोन म्हाताऱ्यांचे डोळे भरले. मग ते शाखेवर आले. मी मांडीवरची ओढणी घट्ट धरली. एक ओळ. एक ओळ असेल.

सरांनी वाचलं, "शाखेची ही पहिली पाटी दादांनी स्वतःच्या हातांनी रंगवली."

टाळ्या वाजल्या.

दादांनी सरांकडे बघितलं. एकच क्षण. मला वाटलं, ते नाही म्हणतील. त्यांच्या वडिलांना उभं ठेवलं होतं, तो माणूस नाही म्हणेल. मग त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"रंगवलीच म्हना ना. रंगाचा डबा तर मीच आनलेला."

सगळे हसले. एक जण म्हणाला, "दादा, आमच्या घरची पाटी पन रंगवून द्या आता!" आणखी हसले.

मी उभी राहिले. ओढणी खुर्चीच्या पायात अडकली, खुर्ची मागे घासत आली. सगळ्यांनी बघितलं. 

व्हिडिओवाला म्हणाला, "मॅडमना वॉशरूम दाखवा रे कोनीतरी."

हशा.

"दादा," मी म्हटलं. आवाज चिरकला होता. "ती पाटी तुम्ही नाही रंगवली. मधुकर पेंटरने रंगवली. तुम्हीच मला सांगितलंत."

हशा बंद झाला. दादा रागावले नाहीत. समजुतीने बोलले, लहान मुलीशी बोलावं तसं. "अगं बाय, ते गमतीत बोल्लो मी. घरातली गोष्ट. असल्या गोष्टी पुस्तकात लिवतात काय?"

सर दात आवळून हळूच म्हणाले, "नॉट नाऊ. प्लीज सिट डाऊन."

इंग्रजीत. इतकी वर्षं मी त्या भाषेच्या आड बसले होते, आणि आता तीच भाषा मला खाली बस म्हणत होती. माझे पाय खरंच वाकले. शाळेपासूनची सवय. खुर्चीला हात लागला.

मी बसले नाही.

"सर, एक ओळ तुम्ही काढलीत ते मला कळतं. पण दुसरी खोटी घातलीत."

"ती थोडी इमोशनल आहे," सर बाकीच्यांना म्हणाले. "नवीन आहे. हुशार आहे, पण अनुभव नाही."

एक पदाधिकारी घड्याळ बघायला लागला. दुसऱ्याने कागदाचं पान उलटलं. पुढचं वाचा असं कोणीतरी म्हणालं. एवढंच होणार होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी बोलले काय आणि न बोलले काय, पान उलटलं जाणार होतं.

दादा पुढे झुकले. आता त्यांच्या आवाजात समजूत नव्हती.

"तुला त्या मध्याचा येवढा पुलका कशाला? कोन लागतो तो तुजा?"

पंख्याचा आवाज येत होता. फोनचा कॅमेरा माझ्याकडे वळलेला होता. सर माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू बदलत होतं. पप्पांनी मला जे बघू द्यायचं नाही म्हणून इतकं सगळं केलं होतं, ते मी समोर उभं राहून बघितलं. पूर्ण बदलेपर्यंत बघितलं. मग बोलले.

"माझे वडील लागतात. सर, तुमच्याकडे मी एक ओळ मागितली होती, ती आता मागत नाही. माझं नाव या पुस्तकातून काढून टाका. पाटी कोणी रंगवली, तिच्यावर काय शिंपडलं, किती वेळा शिंपडलं, आणि मधल्या वेळात डाग भरायला कोणाला बोलावलं, हे सगळं मी लिहिणार आहे. तुम्ही छापू देणार नाही, मला माहीत आहे. कोणी वाचणार नाही, तेही माहीत आहे. तरी लिहिणार आहे. आता यातलं काही मी गाळणार नाही."